काटा तांबड्यात

किल्ली फिरवली, आणि इंजिनाने पहिली खाकर काढायच्या आत तापमानाचा काटा थेट तांबड्यात जाऊन बसला. बॉनेटवर अजून सकाळचं दव होतं. रोझलिनने उतरून हात लावून पाहिला. थंडगार.

"तापलीय का गं?" आईने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून विचारलं. पळून जाईल म्हणून धरावं तसं.

"गाडी नाही तापलेली, आई. तापमान सांगणारा सेन्सर मेलाय. तोच बोंबलतोय."

"मेल्यावरही बोंबलतोय? तुझ्या बापाच्या घराण्यातला दिसतोय."

बाप, म्हणजे चेट, मार्चमध्ये गेला होता. मागे ही छोटी निळी गाडी होती आणि एकाहत्तर वर्षांची इर्मा, जिने जन्मात स्टिअरिंगला हात लावला नव्हता. चेट नेईल तिथे ती जात असे, आणि नेणार नाही तिथे जायचं नाव काढत नसे. आता चेट कुठेच नेणार नव्हता, म्हणून रोझलिन तिला गाडी शिकवत होती. मोठा मुलगा नॉर्बर्ट याने अ‍ॅरिझोनाहून फोनवर निकाल देऊन टाकला होता: रविवारपर्यंत आईला लायसन्स मिळालं तर ठीक, नाहीतर तो भाड्याचा ट्रक घेऊन येणार आणि आईला, तिच्या कपाटांना आणि मांजरीला घेऊन जाणार. मिशिगनमध्ये गाडीविना म्हातारं माणूस म्हणजे खिडकीतलं झाड, असं त्याचं म्हणणं.

आज शनिवार होता. परीक्षा दुपारी एकला. मागच्या खेपेला परीक्षक मिसेस प्रुइट यांनी एक पाय गाडीत टाकला होता, काट्याकडे पाहिलं होतं आणि पाय परत बाहेर काढला होता. "मला दोन नातवंडं आहेत," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

सेन्सर काही मोठी वस्तू नव्हे. अंगठ्याएवढं पितळी बोंड, मागे वायरचा खटका. जुना काढायचा, नवा फिरवून बसवायचा, सांडलेलं पाणी भरायचं. रोझलिनने आठवड्यापूर्वीच नवा आणून ठेवला होता. तिची चूक एकच झाली. काल युनियन हॉलमध्ये मासे खाताना ती मोठ्याने म्हणाली, "उद्या सकाळी गॅरेजमध्ये नेते."

अख्ख्या टेबलाचे काटेचमचे थांबले. त्या गावात गाड्यांच्या प्लँटमधला एक जरी निवृत्त माणूस जिवंत असताना गाडी गॅरेजमध्ये नेणं म्हणजे सासू चुलीपाशी उभी असताना हॉटेलातून डबा मागवणं. त्यातून गाडी चेटची. त्यातून ती त्यांनीच बांधलेली.

त्यामुळे सकाळी आठला अंगणात तीन माणसं हजर झाली. ओटिस, काझ आणि डेल्मर. तिघांची मिळून प्लँटमध्ये चौऱ्याण्णव वर्षं भरली होती, आणि तिघांचे मिळून गुडघे दोन धड होते.

"तासाभराचं काम," ओटिस म्हणाला. "पोरी, तू कॉफी टाक."

तिघांनी मिळून वीसेक लाख गाड्या बांधल्या होत्या. पण एकट्याने अख्खी गाडी त्यांतल्या एकानेही बांधली नव्हती, हे रोझलिनच्या लक्षात यायला वेळ लागला. ओटिसने तीस वर्षं बॅटरी बसवली होती. तेव्हा त्याने आधी बॅटरी काढली.

"सेन्सर तिच्यामागे लपलेला असतो," तो म्हणाला, आणि ते खरंही होतं. बॅटरी निघाली, तिच्याखालची बैठक निघाली, आणि इंजिनाच्या कुशीतून सेन्सरचं टोक दिसायला लागलं. इथे थांबायला हवं होतं.

"पण असा वरून हात घालशील तर मनगट सोलून निघेल," काझ म्हणाला. त्याने बत्तीस वर्षं पुढचे बंपर बसवले होते. "समोरून आलं पाहिजे." पंधरा मिनिटांत गाडीचं नाक हिरवळीवर पडलं होतं, दोन्ही दिव्यांसकट.

डेल्मर तोवर हाताची घडी घालून उभा होता. त्याचं आयुष्य डाव्या दारांत गेलं होतं. "आणि सेन्सर ठीकच असला तर?" तो शांतपणे म्हणाला. "काटाच बिघडला असला तर? डॅशबोर्डमागे बघितलंय कुणी?"

"काका, दार कशाला काढताय?" रोझलिन किंचाळली.

"डॅशबोर्डचं काम दार काढूनच करतात. प्लँटमध्ये येऊन बघ."

"प्लँट बंद पडून सहा वर्षं झाली!"

"दारं लावून काम करायला लागले, तेव्हाच बंद पडला," डेल्मर म्हणाला आणि दार उचलून त्याने गुलाबाच्या ताटव्याला टेकवलं. डॅशबोर्डमागे डोकं घालून दहा मिनिटं पाहिल्यावर त्याने निदान सांगितलं: काटा उत्तम आहे.

दहा वाजले. तिघांनी एकदम हात झटकले आणि पायरीवर बसले. दहाची सुट्टी. बारा मिनिटं. भोंगा सहा वर्षांपूर्वी थांबला होता, पण तो यांच्या पोटात अजून वाजत होता. रोझलिन गाडीकडे बघत उभी राहिली. नाक नाही, बॅटरी नाही, दार नाही, आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो सेन्सर जिथल्या तिथे.

"आता काढा ना तो!" सुट्टी संपल्यावर ती म्हणाली.

तिघे एकमेकांकडे बघायला लागले. काझने टोपी काढली, परत घातली.

"तो आम्हाला नाही काढता यायचा, पोरी."

"का?"

"ते चेटचं काम."

आणि ते खरंच होतं. एकतीस वर्षं चेट तेच करत आला होता. समोर इंजिन आलं की सेन्सर फिरवायचा, वायर टचकन बसवायची, पुढचं इंजिन. दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही, हा त्या माणसांचा पहिला धर्म. रविवारचं चर्च त्याच्यानंतर.

"बाबा गेलेत, काका," रोझलिन म्हणाली.

"म्हणजे जागा रिकामी आहे," डेल्मर म्हणाला. "मग ज्येष्ठतेप्रमाणे भरली पाहिजे."

"मी त्र्याहत्तरच्या मेमध्ये लागलो," ओटिस म्हणाला.

"मी एप्रिलमध्ये."

"एप्रिलमध्ये तू कँटीनला होतास, काझ! बटाटे सोलत होतास!"

"कँटीनची वर्षं धरतात!"

दीड तास ते नियम काढत बसले, तेव्हा शेवटी रोझलिनने पाना उचलला. ती शाळेत इतिहास शिकवायची. तिने वायरचा खटका काढला, पाना लावला आणि जोर केला. सेन्सर सुटला. मागून हिरव्या पाण्याची चिळकांडी उडाली आणि तिचा पांढरा सदरा पालकाच्या भाजीसारखा झाला. तिने भोकात अंगठा घातला. पाणी थांबलं, पण आता तीही अडकली.

"अंगठा काढू नकोस!"

"नवा सेन्सर लाव!"

"कशाने लावू? नाकाने?"

डाव्या हाताने तिने नवा सेन्सर टेकवून पाहिला. तिरका बसला. काढला, पुन्हा लावला. पुन्हा तिरका. प्रत्येक खेपेला पाव लिटर पाणी आणि एकेक शिवी बाहेर पडत होती. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. "जोर लाव," ओटिस म्हणाला. "जोर लावू नको," काझ म्हणाला.

तेवढ्यात इर्मा बाहेर आली. परीक्षेसाठी तिने निळा सूट घातला होता, लिपस्टिक लावली होती. तिने दार बघितलं, नाक बघितलं, मुलगी बघितली.

"बाजूला हो."

"आई, सूट खराब होईल."

"हो म्हणते ना."

तिने सेन्सर बोटांच्या टोकांत धरला, आधी उलटा पाव वेढा फिरवला, टक् झालं तशी सुलटा. बघतसुद्धा नव्हती, डोळे समोरच्या मेपलवर. तीन वेढे, मग थांबली, मग पान्याने किंचित. वायर टचकन बसली. पाण्याचा थेंब नाही.

तिघांनी टोप्या काढल्या.

"तुला कुणी शिकवलं?" रोझलिनने विचारलं.

"शिकवतोय कोण? एकतीस वर्षं झोपेत माझा कोपर फिरवायचा तुझा बाप. आधी उलटा, मग सुलटा. रात्रपाळी असली तरच माझा हात जागेवर राहायचा." तिने बोटं पुसली. "तीन महिने झाले, झोपच नीट लागत नाही मेली."

डेल्मर खाकरला आणि दारापाशी गेला. त्यानंतर जे झालं ते रोझलिनला कधी कुणाला पटवून देता आलं नाही. स्वतःचं काम समोर येताच त्या तीन म्हाताऱ्यांचे सांधे वंगण घातल्यासारखे चालायला लागले. दार एका मिनिटात लागलं. बॅटरी दोन मिनिटांत. नाक, दिव्यांसकट, आठ मिनिटांत. पाणी भरलं, त्यात अडकलेली हवा काढली, किल्ली फिरवली. काटा तळापासून निघाला आणि शहाण्यासारखा मध्यावर येऊन थांबला.

एकला पाच मिनिटं कमी असताना लायसन्स कार्यालयासमोर मिसेस प्रुइट यांनी एक पाय आत टाकला. काट्याकडे पाहिलं. दुसराही टाकला.

चाळीस मिनिटांनी इर्मा कागद नाचवत उतरली. ओटिसच्या ट्रकमधून मागोमाग आलेल्या तिघांनी असा काही गलका केला की कार्यालयातला पहारेकरी बाहेर आला. रोझलिनने हसत हसत फोन लावून आईच्या हातात दिला.

"नॉर्बर्ट? झाले पास. ट्रक परत करून टाक... अरे, येते ना मी. पण ट्रक कशाला? माझ्या गाडीने येते. मंगळवारी निघते... किती दिवस ते तिथे आल्यावर ठरवीन."

रोझलिनचं हसू ओठांवरच राहिलं. "आई! दोन हजार मैल आहेत! तू इथे राहावीस म्हणून मी एवढा आटापिटा केला!"

"मला कपाटासारखं कुणी उचलून न्यायला नको होतं. जायचंच नाही असं कधी म्हटलं मी?"

फोनमधून नॉर्बर्टचा आवाज पार्किंगच्या दुसऱ्या टोकापर्यंत जात होता. आईने फोन रोझलिनच्या हातात कोंबला आणि ती आरसा नीट करायला लागली.

"रोझ! ती वेडी झालीय! तू काही बोलत का नाहीस तिला?"

रोझलिनने डोळे मिटले. गेले तीन महिने, दर रविवारी, याच माणसाला याच फोनवर तिने एकच वाक्य ऐकवलं होतं. दुसरं वाक्य तिच्याजवळ नव्हतं.

"नॉर्बर्ट," ती म्हणाली, "आई काही लहान मूल नाही."