साळोजीरावांची दुर्मिळ गाठ

एका जंगलात, बाळांनो, आजारपणाला फार मान होता. संध्याकाळी सगळे प्राणी पाणवठ्यावर जमत आणि पाणी पिण्याआधी एकमेकांना आपापली दुखणी सांगत. काठावर एक उंच दगड होता. ज्याचं दुखणं सगळ्यांत भारी, त्याने त्या दगडावर बसायचं, असा रिवाज होता. सर्दीवाले चिखलात उभे राहत. हसू नका. लग्नकार्यात तुमच्या घरची मोठी माणसं कोपऱ्यात बसून काय बोलतात, ते एकदा कान देऊन ऐका.

या जंगलात साळोजीराव नावाचं एक साळिंदर आणि त्यांची बायको तानूबाई राहत. साळोजीरावांना आपल्या काट्यांचा भारी अभिमान होता आणि तानूबाईंना साळोजीरावांचा. एके दिवशी नवऱ्याच्या काखेत तानूबाईंच्या हाताला गाठ लागली.

पूर्वी जंगलात गाठीवर एकच औषध असे, ते म्हणजे अस्वलवैद्यांचा कडू काढा. गाठ कोणाचीही असो, काढा तोच. काही बरे होत, काही होत नसत, केस मात्र सगळ्यांचे झडत. कोण बरं होणार हे खुद्द अस्वलालाही आधी सांगता येत नसे.

मग डॉक्टर घुबडबाई आल्या. त्यांनी सांगितलं की प्रत्येक गाठीच्या आत तिची कुंडली अगदी बारीक अक्षरांत लिहिलेली असते. कोणतं अक्षर चुकल्यामुळे गाठ वाढते हे वाचता आलं, तर नेमकं त्या चुकीवरचं औषध देता येतं. आणि बाई खोटं बोलत नव्हत्या. उदोपंत उदमांजराच्या गाठीत त्यांना असं एक अक्षर सापडलं, त्यावरची गोळी सात डोंगरांपलीकडून आली आणि उदोपंत एकही केस न गमावता बरे झाले. पण बरं झाल्याचं ते ओझरतं सांगत. आपली गाठ किती वेगळी होती, हे मात्र रोज सांगत, आणि दगडावरून उतरायचं नाव घेत नसत.

साळोजीरावांच्याही गाठीचा तुकडा घुबडबाईंकडे गेला. तानूबाईंना अन्न गोड लागेना. साळोजीराव तेवढ्यात पाणवठ्यावर जाऊन दगडावर दोघांना जागा होईल का, ते बघून आले.

घुबडबाईंनी दोघांना बोलावून घेतलं. त्या हसत होत्या.

"अगदी साधी गाठ आहे," त्या म्हणाल्या. "वेगळं असं एकही अक्षर नाही. अशा गाठी वैद्यबुवांच्या काढ्याने हमखास विरघळतात. काटे झडतील, पण पुन्हा येतील. उद्यापासून सुरू करा."

तानूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. साळोजीरावांचा चेहरा पडला.

"साधी म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे पुष्कळांना होते तशी."

"आमच्या घराण्यात पुष्कळांसारखं कोणी काही केलेलं नाही," साळोजीराव म्हणाले आणि उठले.

घरी आल्यावर त्यांनी निकाल दिला. घुबडबाईंना दिवसा नीट दिसत नाही, आणि जो काढा घुशी पितात तो आपण पिणार नाही. तानूबाईंनी तरीही काढा आणला. रोज सकाळी त्या तो गरम करत, विष नाही हे दाखवायला स्वतः एक घोट घेत आणि वाटी पुढे करत. साळोजीराव तोंड फिरवत.

त्यांनी कोल्ह्याचं वाचनालय गाठलं. तिथे गाठींचं साधं वाचन, खोल वाचन आणि अतिखोल वाचन असे तिन्ही प्रकार मिळत. कोल्ह्याने साधी गाठ असं कधी कोणाला सांगितलेलं नव्हतं, म्हणून त्याच्याकडे गर्दी असे. तो म्हणाला, काहीतरी आहे खरं, पण अजून खोल जायला हवं. पावसाळा गेला, थंडी आली, तरी तो खोलच जात राहिला. गाठ मात्र वर येत राहिली.

शेवटी साळोजीरावांना चालवेना. तानूबाईंनी त्यांना जवळजवळ ओढत घुबडबाईंकडे नेलं. या वेळी बाई हसल्या नाहीत.

"गाठ बदलली आहे," त्या म्हणाल्या. "इतकी अक्षरं चुकलेली गाठ मी पाहिलेली नाही. कोणीच पाहिली नसेल. हिच्यावर अजून औषध नाही, आणि आता काढाही चालायचा नाही."

तानूबाई नवऱ्याला सावरायला पुढे झाल्या. साळोजीराव मात्र ताठ झाले.

"अख्ख्या जंगलात अशी एकच?"

"एकच," घुबडबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी उदोपंत आपण होऊन दगडावरून उतरले. साळोजीरावांना चढवेना, म्हणून तानूबाईंनी मागून आधार दिला. काटे त्यांच्या तळहातात रुतले. एकही झडलेला नव्हता. सगळे प्राणी माना वर करून बघत होते. साळोजीराव गाठीविषयी बोलले, खूप वेळ बोलले. मग दम लागला तसे वाकले आणि फक्त बायकोला ऐकू जाईल असं म्हणाले, "तानू, तो काढा फार कडू असतो का गं?"

"नाही हो," तानूबाई म्हणाल्या. "इतका काही नाही."

थंडी सरण्याआधी साळोजीराव गेले. शोकसभा दणक्यात झाली. त्या गाठीला साळोजीरावांचं नाव देण्यात आलं आणि टाळ्या पडल्या.

पुढे बऱ्याच दिवसांनी तानूबाई पाणी प्यायला आल्या. दगडावर एक रानडुक्कर बसलं होतं. त्याने तानूबाईंना त्यांचं दुखणं विचारलं. दुखणं असं काही नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांना चिखलात उभं राहायला सांगण्यात आलं.

तात्पर्य: बाळांनो, बरं तर कोणीही होतं. गाठ निघालीच तर दुर्मिळ निघू द्या. आणि साधी निघाली, तर दुर्मिळ होईपर्यंत धीर धरा.