मीडव्हिलचा हँक

“रुसलाय, दुसरं काय. येत्या रविवारी स्वतःच्या पायांनी जिना उतरून येईल, आणि हातात काहीतरी खायला घेऊन येईल. मी ओळखतो ना त्याला,” असं कॅझ वॉयताननं बायकोला छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा अमेरिकेतल्या, सरोवराकाठच्या एरी शहरातल्या झाडांना अजून पानं होती. मग पानं गळली, सरोवरावरून पहिला बर्फ आला, दुसरा आला, आणि शेजारचा ऑगी स्कालीसे काही आला नाही.

एरीचे लोक राजकारणावरून भांडत नाहीत असं नाही, पण त्यात जीव नसतो. खरं भांडण फुटबॉलचं, म्हणजे त्या अमेरिकी फुटबॉलचं, ज्यात क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू चेंडू हातानं फेकतो. गाव वसलंयच अशा अडनिड्या जागी की पश्चिमेला क्लीव्हलंड, पूर्वेला बफेलो, दक्षिणेला पिट्सबर्ग, आणि तिन्हीकडे जायला गाडीनं साधारण तेवढाच वेळ. त्यामुळे एकाच रांगेतल्या घरांवर तीन तऱ्हेचे झेंडे. कॅझ जन्माचा क्लीव्हलंडवाला. ऑगी पिट्सबर्गवाला. ऑगीच्या पलीकडे एक बफेलोवाला राहायचा, त्याच्याशी हे दोघंही फक्त हवामानावर बोलत.

ऑगीची बेकरी होती. रविवारी चर्च आटोपलं की तो पेपरोनी भरलेल्या गरम पावांची पिशवी घेऊन कॅझच्या तळघरात यायचा, आणि डाव्या खुर्चीत बसायचा. कॅझ उजव्या. पुढे तीन तास एकमेकांच्या टीमचा उद्धार.

“तुमचा क्वार्टरबॅक चेंडू फेकतो की कबुतरं उडवतो?” कॅझ म्हणायचा.

“निदान आमच्याकडे क्वार्टरबॅक टिकतो. तुमच्याकडे दर वर्षी नवा. नाव पाठ होईपर्यंत तो गेलेला असतो.”

असं सगळं. दोघांचे केस काळे असल्यापासून.

मग त्या उन्हाळ्यात ऑगीचा खांदा गेला. पीठ मळून मळून झिजला होता. डॉक्टर म्हणाले, पुरे आता. मुलगा ॲरिझोनात संगणकाचं काहीतरी करायचा, त्याला भट्टीत रस नव्हता. ऑगीनं बेकरी बंद केली, दारावरची पाटी उतरवली, आणि कुणाला फारसं काही बोलला नाही. कॅझला वाटलं, बरं झालं, आता पहाटे उठायला नको याला.

योगायोग असा की पिट्सबर्गच्या म्हाताऱ्या क्वार्टरबॅकचाही खांदा त्याच वर्षी दुखत होता. एका रविवारी त्यानं चेंडू पुन्हा पुन्हा समोरच्यांच्या हातात नेऊन दिला. कॅझला तर उकळ्याच फुटल्या. तो म्हणाला, “ऑगी, लिहून ठेव. खांदा गेला की माणसानं घरी बसावं. उगाच लोकांच्या पायात यायचं कशाला?”

ऑगीनं हातातली बशी खाली ठेवली. टोपी घातली. “चल, निघतो,” म्हणाला आणि जिना चढून गेला.

“मैदान सोडून पळाला,” कॅझ खुशीत म्हणाला.

वर स्वयंपाकघरातून बर्नाडेट, त्याची बायको, म्हणाली, “कॅझ, तू कोणाच्या खांद्याबद्दल बोललास?”

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पण तोवर शेजारचं दार बंद झालं होतं.

जाऊन माफी मागावी, तर ते जमेना. इंजिनाच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढलेला माणूस. लोखंड वाकवायचं ठाऊक, मान वाकवायची नाही. दोनदा तो ऑगीच्या पायरीपर्यंत गेला. दोन्ही वेळा दार वाजवण्याऐवजी हातातल्या फावड्यानं त्याच्या अंगणातला बर्फ काढून परत आला. दुसऱ्या दिवशी त्यानं खिडकीतून पाहिलं, तर ऑगी बर्फ काढल्याबद्दल बफेलोवाल्याचे आभार मानत होता, आणि तो निर्लज्ज माणूस ते स्वीकारत होता.

क्लीव्हलंडनं त्या वर्षी कधी नव्हे ते लागोपाठ सामने जिंकले. कॅझ टचडाउनचे गुण पडले की उठायचा, डावीकडे वळायचा, तोंड उघडायचा, आणि तसंच मिटायचा. रिकाम्या खुर्चीला काय चिडवणार? जिंकण्यातली निम्मी गंमत समोरच्याचं तोंड बघण्यात असते, हे त्याला इतकी वर्षं कळलंच नव्हतं, कारण जिंकायची वेळच फारशी आली नव्हती. कधी कधी भिंतीपलीकडून ऑगीचं एकट्याचं ओरडणं ऐकू यायचं. मग कॅझ टीव्हीचा आवाज बारीक करून ते ऐकत बसायचा.

मग त्याला युक्ती सुचली. दर मंगळवारी संध्याकाळी रेडिओवर डग फेनर नावाचा माणूस चाहत्यांचे फोन घ्यायचा. ऑगी तो कार्यक्रम कधी चुकवत नसे. कॅझ गॅरेजमधल्या गाडीत जाऊन बसला, तोंडावर मफलर गुंडाळला आणि फोन लावून गाव म्हणून दक्षिणेकडच्या मीडव्हिलचं नाव सांगितलं.

“मीडव्हिलहून कोण बोलतंय?” डगनं विचारलं.

“हँक,” कॅझ घोगऱ्या आवाजात म्हणाला. “मी लहानपणापासून पिट्सबर्गवाला. पण खरं सांगतो, सध्या क्लीव्हलंडच्या पोराइतका चांगला क्वार्टरबॅक आपल्याकडे नाही.”

पिट्सबर्गवाल्यानं असं म्हणणं म्हणजे पाद्र्यानं चर्चमध्ये जुगाराचा अड्डा काढण्यासारखं. कॅझनं फोन ठेवला आणि गाडीचा रेडिओ मोठा केला. जाहिराती संपल्या तोच पुढचा फोन.

“एरीहून ऑगी. कोण हा हँक? कुठं असतो? याला घरचे जेवायला देतात की नाही?”

किती दिवसांनी तो आवाज ऐकला. मफलर तोंडावर तसाच ठेवून कॅझ अंधाऱ्या गाडीत एकटाच हसत बसला.

पुढच्या मंगळवारी हँकनं उत्तर दिलं, त्याच्या पुढच्या मंगळवारी ऑगीनं. मग डगनंच दोघांना एकदम फोनवर घ्यायला सुरुवात केली, कारण लोकांना ते आवडायला लागलं होतं. “तू पिट्सबर्गचा असशील तर मी पोप,” ऑगी म्हणायचा. “पोपला फुटबॉलमधलं तुझ्यापेक्षा जास्त कळत असेल,” हँक म्हणायचा. बर्नाडेट स्वयंपाकघरात पिरोगी, म्हणजे पाण्यात उकडायच्या पोलिश करंज्या, वळता वळता सगळं ऐकायची. पहिल्याच वाक्याला तिनं नवऱ्याला ओळखलं होतं. संसारात मफलरचा काय उपयोग? पण ती काही बोलली नाही. मंगळवारी जेवण तेवढं जरा उशिरा वाढायला लागली.

अखेर डगनं जाहीर केलं की पिट्सबर्ग-क्लीव्हलंड सामन्याच्या रविवारी तो मीडव्हिलच्या एका बारमधून थेट कार्यक्रम करणार, आणि हँक आणि ऑगी तिथे समोरासमोर बसणार. कॅझला घाम फुटला. मग वाटलं, हेच बरं. ऑगी आत येईल, आपल्याला बघेल, शिव्या देईल, आणि शिव्या दिल्या की मिटलं. माफीबिफी मागायला नको.

पण त्याआधीच्या मंगळवारी ऑगीचा सूर वेगळाच लागला. क्वार्टरबॅकवरून बोलता बोलता तो मध्येच थांबला.

“हँक, तुला कुणी शेजारी आहे?”

“आहे एक,” कॅझ सावधपणे म्हणाला.

“मलाही होता. म्हणजे आहे, इथेच भिंतीपलीकडे. फुटबॉलमधलं शून्य कळायचं त्याला. पण माझा खांदा गेला, बेकरी गेली, तेव्हा मला रविवारचा काय तो आधार होता. तिथेच तो एक शब्द बोलला. मुद्दाम नसेल बोलला. मला माहीत आहे, मुद्दाम नव्हता. पण मी उठून आलो, आणि आता परत कसं जायचं ते सुचत नाही. रोज वाटतं तो येईल. येतो कुठे?”

कॅझनं मफलर खाली ओढला, मग घाईघाईनं पुन्हा वर घेतला.

“जाऊन बस की त्याच्याकडे,” तो म्हणाला. “दार उघडंच असेल.”

“तुला काय ठाऊक?”

“असल्या माणसांना... माफी मागता येत नाही. पण कडी लावत नाहीत ते.”

डगनं जाहिरात लावली.

रविवारी कॅझनं बायकोला सांगितलं की तो गाडीचा टायर बघायला चाललाय. चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीतून घेतलेली पिट्सबर्गची काळीपिवळी जर्सी त्यानं कोटाखाली घातली होती, पाठीवर त्या म्हाताऱ्या क्वार्टरबॅकचा नंबर. क्लीव्हलंडवर मरणारा त्याचा बाप वरून बघत असणार, म्हणून तो गाडीत बसेपर्यंत मान खाली घालून चालला.

बार पिट्सबर्गवाल्यांनी खच्चून भरला होता. कोट काढला तशी टाळ्या पडल्या. पण मीडव्हिल लहानसं गाव.

“हँक, तुला कधी पाहिलं नाही मी,” एक दाढीवाला म्हणाला. “राहतोस कुठे?”

“तिकडे. कब्रस्तानामागे.”

“कुठल्या?”

“मोठ्या.”

“मोठ्यामागे तर नदी आहे.”

“नदीच्या जरा अलीकडे,” कॅझ म्हणाला आणि डगशेजारच्या उंच स्टुलावर जाऊन बसला. समोरचं स्टूल रिकामं. सामना सुरू झाला. प्रत्येक वेळी दार उघडलं की त्याची मान तिकडे वळायची, आणि आत यायचं ते भलतंच कुणी. पडद्यावर क्लीव्हलंडच्या पोरानं एक सुरेख लांब चेंडू फेकला. साऱ्या बारनं कपाळाला हात लावला. कॅझनंही लावला. आतून काळीज नाचत होतं, पण त्याला वाटलं होतं तेवढं नाही.

मग पिट्सबर्गचा म्हातारा खाली पडला. उठला तो खांदा धरूनच. बार चिडला होता. “बसवा त्याला आता. संपलाय तो.”

डगनं माइक पुढे केला. “हँक, तुमचं काय मत? बसवायचं?”

कॅझनं रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. “खेळू द्या त्याला,” तो म्हणाला. “कधी थांबायचं ते त्याचं त्याला कळेल. इतकी वर्षं आपल्याला वाढलंय त्यानं, आणि आपण बसून नुसतं गिळलंय. आपण कोण सांगणारे?”

तेवढ्यात डगच्या हातात कुणीतरी निरोप आणून दिला. डग हसला.

“मंडळी, ऑगी येत नाही. त्याचा फोन होता. म्हणाला, हँकला सांगा, तुझं ऐकलं. शेजाऱ्याकडे चाललोय सामना बघायला.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी हँकला बिअर पाजायला निघालं, पण हँक जागेवर नव्हता. कोटसुद्धा तिथेच राहिला. बर्फाच्या रस्त्यानं कॅझनं गाडी अशी हाणली की वायपर आणि प्रार्थना दोन्ही एकाच तालात चालल्या होत्या.

तळघरात दिवा होता. जिना उतरता उतरता त्याला आधी पावाचा वास आला, मग ऑगीचं टक्कल दिसलं, डाव्या खुर्चीत. शेजारी बर्नाडेट, मांडीवर बशी. पाव वाकडेतिकडे झाले होते. एका हातानं मळलेले असणार.

“टायर मिळाला?” बर्नाडेटनं विचारलं.

ऑगी वळला. त्याची नजर कॅझच्या छातीवर गेली, आणि तिथेच राहिली. तेव्हा कॅझला आठवलं की आपल्या अंगात काय आहे.

“कॅझ,” ऑगी हळूच म्हणाला. “वळ बघू.”

कॅझ वळला. पाठीवरचा नंबर दिसला.

“हे माझ्यासाठी घातलंस?”

खरं सांगायची हीच वेळ होती. कॅझनं बायकोकडे पाहिलं. बर्नाडेट अगदी मन लावून पाव खात होती.

“हो,” कॅझ म्हणाला.

ऑगीनं चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. “तुझ्यासारख्या माणसाला किती जड गेलं असेल.”

“फार,” कॅझ म्हणाला, आणि हे मात्र शब्दशः खरं होतं. मग जमिनीकडे बघत म्हणाला, “त्या दिवशी मी बोललो ना, ते...”

“बस. सामना चाललाय.”

तो बसला. क्लीव्हलंडनं टचडाउन केलं. कॅझ निम्मा उठला, अंगातली जर्सी आठवली, आणि परत बसला. ऑगीनं त्याचा गुडघा थोपटला.

“तुला सांगतो, मला इथे पाठवलं ते एका मीडव्हिलच्या माणसानं,” ऑगी म्हणाला. “हँक म्हणून आहे. त्याला फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण माणसं कळतात. तुला तर दोन्ही कळत नाहीत. मंगळवारी त्याचे आभार मानायचेत. तूही ये ऐकायला.”

मंगळवारी कॅझ ऑगीच्या स्वयंपाकघरात रेडिओसमोर बसला होता, त्यामुळे हँकचा फोन काही येऊ शकला नाही. त्याच्याऐवजी एका बाईचा आला. तिनं डगला सांगितलं की ती हँकची बायको, आणि हँकची तब्येत बर्फात टिकत नाही म्हणून दोघं फ्लोरिडाला कायमचे राहायला निघालेत. मागे कुठेतरी पिरोगीचं पाणी उकळत असल्याचा आवाज येत होता.

ऑगीनं रेडिओ बंद केला.

“निघून गेला,” तो म्हणाला. “साधा निरोपही घेता आला नाही. काय माणूस होता, कॅझ. असा मित्र आता मिळायचा नाही मला.”

कॅझ त्याच्या शेजारीच बसला होता, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ. “असेल चांगला,” तो म्हणाला, “पण एवढंही काही नव्हतं त्याच्यात.” आणि त्याला त्या हँकचा मनापासून राग आला.