सातवी 'ब'चे दुःख

सातवी 'ब'चा मनःस्वास्थ्याचा निकाल अठ्ठ्याण्णव टक्के लागला. शाळेत आजवर कुठल्याच विषयाचा एवढा निकाल लागलेला नव्हता. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, निकालाचे पत्र घेऊन स्वतः जिना चढून शिक्षकांच्या खोलीत आल्या. सातवी 'ब'चे वर्गशिक्षक म्हणजे गणिताचे सर. त्यांना सगळ्यांसमोर बाई म्हणाल्या, "सर, शाळेचं नाव काढलंत."

सरांनी मान खाली घातली. तो विनय आहे असे सगळ्यांना वाटले.

पत्राचा दुसरा परिच्छेद फक्त सरांनी वाचला होता. त्यात लिहिले होते की, आपल्या शाळेतील मुले इतकी आनंदी व खंबीर आहेत हे पाहून समाधान वाटले. सबब 'खंबीर मन' हा कार्यक्रम पुढील महिन्यापासून आपल्या शाळेतून काढून गरजू शाळेस देण्यात येत आहे.

कार्यक्रम सत्राच्या सुरुवातीला आला होता. दर गुरुवारी शेवटच्या तासाला एक तरुण समुपदेशक बाई यायच्या. त्या मुलांना डोळे मिटून श्वास मोजायला लावत. राग आला तर काय करायचे, नापास झाल्यावर पुन्हा कसे उभे राहायचे, यावर बोलत. मुलांनी त्यांचे नाव श्वासताई ठेवले होते. पहिल्या आठवड्यात मुलांची एक चाचणी झाली, तीच पुन्हा वर्षाच्या शेवटी व्हायची होती. पहिल्या वेळी मूल किती दुःखी होते आणि दुसऱ्या वेळी किती सुखी झाले, यातला फरक म्हणजे कार्यक्रमाचे यश.

हे सगळे परिपत्रकाच्या तिसऱ्या पानावर होते. शाळेत परिपत्रकाचे पहिले पान वाचायची पद्धत होती. पहिल्या पानावर 'चाचणी' हा शब्द होता आणि तेवढा सरांना पुरला. तीस वर्षांत त्यांच्या वर्गातून एकही पोर तयारीशिवाय चाचणीला बसले नव्हते. त्यांनी तीन सराव चाचण्या घेतल्या आणि आदर्श उत्तरे फळ्यावर लिहून दिली.

"चौथा प्रश्न फसवा आहे," त्यांनी वर्गाला बजावले होते. "'तुला एकटं वाटतं का?' इथे 'कधीच नाही' यावर खूण करायची. घाईत 'कधी कधी' केलंत तर अर्धा गुण गेला."

शेवटचा प्रश्न दोन ओळींच्या उत्तराचा होता: तुला कशाचे वाईट वाटते? आदर्श उत्तर होते, 'मला कशाचेही वाईट वाटत नाही.' चाळीस मुलांनी ते बरोबर लिहिले. एका मुलीने लिहिले की, भाऊ घरी असला की वाईट वाटते. तिला सरांनी नंतर बोलावून घेऊन समज दिली.

आता हेच सर पत्राची प्रत खिशात घालून अस्वस्थ फिरत होते, कारण गुरुवारचा तो तास त्यांना स्वतःला हवा होता.

वर्गशिक्षकाने तासाला मागे बसायचे असा नियम होता. पहिले दोन गुरुवार सरांनी मागच्या बाकावर वह्या तपासल्या. तिसऱ्या गुरुवारी श्वासताई म्हणाल्या, "सर, लाल पेन खाली ठेवा. तुम्ही पण." सरांनी डोळे मिटले. तास संपल्यावर फळा पुसता पुसता ताईंनी विचारले, "तुम्ही कसे आहात?" सरांची बायको जाऊन चौदा महिने झाले होते. या चौदा महिन्यांत लोकांनी सरांना जेवलात का विचारले, कागदपत्रे झाली का विचारले, आता एवढे मोठे घर ठेवणार का असेही विचारले. हे कुणी विचारले नव्हते. सर म्हणाले, ठीक. पुढच्या गुरुवारी ते पाच मिनिटे बोलले. त्याच्या पुढच्या गुरुवारी शिपाई कुलूप घेऊन दारात उभा राहीपर्यंत बोलले. बाकीचे सहा दिवस ते कुणाशीही गणिताखेरीज काही बोलत नसत.

पण हे मोठ्या बाईंना सांगणार कसे? ते फक्त एवढेच म्हणाले की, निकालात चूक असावी.

"निकाल चुकतो तो कमी लागल्यावर," बाई म्हणाल्या. "जास्त लागलेला निकाल कधी चुकलाय का, सर?"

तेव्हा सरांनी परस्पर कार्यक्रमाच्या कार्यालयाला पत्र टाकले. दहा दिवसांनी उत्तर आले. सातवी 'ब'ची फेरचाचणी सोमवारी घेतली जाईल. चाळीस टक्क्यांच्या खाली निकाल लागला तर कार्यक्रम राहील. चाचणी घ्यायला कार्यक्रम अधिकारी जातीने येतील.

सरांनी वर्गाला विश्वासात घेतले. या वेळी कमी गुण पाडायचे आहेत, साधारण पस्तीस. वर्ग सुन्न झाला. मग पहिला नंबर कधीही न सोडणारी मॉनिटर उभी राहिली.

"पस्तीसच कशाला, सर? मी शून्य आणते."

तिने शून्य म्हटल्यावर इतरांना पस्तीसवर थांबणे कमीपणाचे वाटू लागले. सराव सुरू झाला. चाचणीची बातमी घरोघरी गेली आणि पालक कामाला लागले. एकाने पोराला शिकवणी लावली. एक आई शाळेच्या फाटकात सरांना गाठून म्हणाली, "बाकी सगळं छान जमतंय हो तिला, पण तिसऱ्या प्रश्नाला हसते. काय करू?" सरांनी सांगितले की, तिसरा प्रश्न शेवटी सोडवायला सांगा.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मुलांना सुचेना. एकाने लिहिले, 'मला पेन्सिलीला टोक नसले की वाईट वाटते.' याने पाव गुणही कमी होणार नव्हता. सर खडू घेऊन फळ्याकडे वळले. गणिताच्या माणसाला मनचे काही रचून लिहिता येत नाही. त्यांनी जे माहीत होते ते लिहिले. न थांबता पाच-सहा ओळी लिहिल्या, खडू मोडला तेव्हा दुसरा घेतला. एकेचाळीस माना खाली होत्या. मुले शब्दन् शब्द उतरवून घेत होती.

सोमवारी अधिकारी आले. गृहस्थ जाडजूड आणि मऊ मनाचे होते. सोबत श्वासताई होत्या, आणि त्यांना यातले काहीच माहीत नव्हते. लेखी चाचणी झाली. ताई उत्तरपत्रिका गोळा करून कोपऱ्यात तपासायला बसल्या आणि अधिकाऱ्यांनी मुलांना जवळ बोलावून मायेने दोन गोष्टी विचारायचे ठरवले. ही तोंडी परीक्षा आहे हे वर्गाने लगेच ओळखले.

पुढच्या बाकावरच्या मुलाला त्यांनी विचारले, डबा खाल्लास का, बाळ?

"अन्नावरची वासनाच उडालीये, सर."

अधिकारी चपापले. शेजारच्या मुलीला त्यांनी झोपेचे विचारले. ती म्हणाली, रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही.

"कधीपासून गं?"

"गेल्या मंगळवारपासून. त्याआधी हा प्रश्न नव्हता."

अधिकाऱ्यांनी रुमाल काढला. तेवढ्यात ताईंनी बेरीज सांगितली. वर्गाचा निकाल तीन टक्के होता. मॉनिटरने शून्य आणून नंबर राखला होता. दुसऱ्या मुलाला एक गुण पडला होता, कारण 'तुला मित्र आहेत का' या प्रश्नाला सवयीने त्याच्या हातून 'हो' लिहिले गेले. तो बाकावर डोके टेकून हुंदके देऊ लागला, माझा एक गुण कमी करा म्हणून. सराव नसलेले तेवढेच एक रडणे होते आणि त्यानेच अधिकाऱ्यांची खात्री पटवली.

त्यांनी जागच्या जागी निर्णय दिला. तीन टक्के म्हणजे तीव्र गट. तीव्र गटाला साध्या समुपदेशक चालत नाहीत. उद्यापासून चार तज्ज्ञ येतील आणि या ताईंना दुसरी शाळा दिली जाईल. शिवाय मुलांच्या ताणाचे मूळ सापडेपर्यंत गणित बंद. वर्गात टाळ्या वाजल्या. अधिकाऱ्यांना ते आजाराचेच लक्षण वाटले आणि त्यांनी तेही लिहून घेतले.

सर भिंतीला टेकले. अठ्ठ्याण्णव टक्क्यांनी ताई जात होत्या आणि तीन टक्क्यांनीही जात होत्या. वर गणितही गेले होते.

ताई मात्र अजून कागदांवर वाकून शेवटचे उत्तर वाचत होत्या. एक कागद वाचला, दुसरा वाचला, मग दहावा मध्येच काढून वाचला.

"साहेब, हे जरा ऐका," त्या म्हणाल्या. "'संध्याकाळी कुलूप उघडताना वाटतं, आत कुणीतरी आहे. चहा अजून दोन कपच टाकला जातो. तिच्या चपला दारातून हलवायला हात होत नाही. एकतीस वर्षांच्या संसाराची सवय जात नाही.'"

"कोणी लिहिलंय हे?"

"सगळ्यांनी."

अधिकाऱ्यांनी बारा वर्षांच्या एकेचाळीस मुलांकडे पाहिले. मुले निकालाची वाट पाहत शांत बसली होती. पेन्सिलवाल्या मुलाने मान वर करून विचारले की, संसारातला अनुस्वार त्याने दिलाय ना?

मग ताईंनी सरांकडे पाहिले. सर फळ्याकडे पाहत होते. फळा कोरा होता.

पुढचा अर्धा तास मोठ्या बाईंच्या खोलीत गेला. अधिकारी सरांना रीतसर बोलले, आणि सरांनी ऐकून घेतले. फेरचाचणी रद्द झाली. म्हणजे पहिला निकाल कायम, म्हणजे कार्यक्रम बंद. मोठ्या बाईंनी अठ्ठ्याण्णव टक्क्यांचे पत्र भिंतीवर लावायला घेतले. तेव्हा ताईंनी तेच परिपत्रक उघडून पाचवे पान काढले. आनंदी शाळेतही एखाद्या विद्यार्थ्याला गरज असेल तर त्या एकासाठी दर गुरुवारी एक तास चालू ठेवता येत होता.

"आहे का असा विद्यार्थी?" अधिकाऱ्यांनी विचारले.

ताईंनी अर्ज ओढून लिहायला सुरुवात केली. इयत्ता सातवी 'ब'. हजेरी क्रमांक बेचाळीस. वय छप्पन्न.

अधिकाऱ्यांनी अर्ज दोनदा वाचला. वयाची अट कुठल्याच पानावर नव्हती. मात्र पालकाची सही लागेल, असे ते म्हणाले. सरांना आई-वडील नव्हते, मूलबाळ नव्हते. वडीलधारे माणूस एकच होते, दोन गल्ल्यांपलीकडे राहणाऱ्या सासूबाई. चौदा महिन्यांत सर त्यांच्याकडे दोनदा गेले होते. दोन्ही वेळा दोघे समोरासमोर बसले आणि दोघांनीही भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले.

शिपाई त्यांना घेऊन आला. ऐंशी वर्षांच्या सासूबाई काठी टेकत आल्या आणि पालकांच्या खुर्चीत बसल्या. सर त्यांच्या शेजारी हात मागे बांधून उभे राहिले. तसे कुणी सांगितले नव्हते.

मोठ्या बाईंचे तोंड सवयीने सुरू झाले. "हुशार आहेत. मेहनती आहेत. पण हल्ली लक्ष नसतं. घरी कसे असतात?"

"मला काय ठाऊक," सासूबाई म्हणाल्या. "तो येतो कुठे माझ्याकडे? आणि मी तरी कुठे बोलावलं. त्याला बघितलं की मला तीच आठवते. त्यालाही माझ्याकडे बघून तसंच होत असणार."

शिपायाने उगाच खिडकी उघडली.

सासूबाईंनी चष्मा लावला आणि अर्ज पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. या शाळेत पूर्ण अर्ज वाचणारे ते पहिलेच पालक होते. पालकाने भरायचा एकच प्रश्न होता: विद्यार्थ्याला घरी बोलायला कुणी आहे का? पुढे दोन चौकटी होत्या, 'आहे' आणि 'नाही'. त्यांचे पेन पहिल्या चौकटीवर गेले, तिथून दुसरीवर आले आणि बराच वेळ तिथेच थांबले.

"बाई," त्या शेवटी म्हणाल्या, "यात 'आजपासून' असं लिहायला जागाच नाही."

मोठ्या बाईंनी अर्ज हातात घेतला, उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. तेवीस वर्षे त्या समासात लिहिणाऱ्यांचे गुण कापत आल्या होत्या.

"समासात लिहा," त्या म्हणाल्या.