लिटरला चोवीस

निघायच्या दिवशी सकाळी तराजूसाहेबांनी घरातला वजनकाटा दारात आणून ठेवला आणि बायकोला फर्मावलं, "पिशव्या इथे ठेव. एकेक करून."

बायको एकेक पिशवी काट्यावर ठेवू लागली. बावीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासणाऱ्या सरकारी निरीक्षकाशी संसार केल्यावर बाईमाणूस दुसरं काय करणार? 'तराजूसाहेब' हे नाव बाजारानेच त्यांना दिलं होतं. त्यातून आजचा प्रसंग वाद घालण्याचा नव्हता. आईमागे ज्या बहिणीने साहेबांना लहानाचं मोठं केलं, त्या ताईला दुपारी चार वाजता दवाखान्याची गाडी न्यायला येणार होती. उद्या हृदयाचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले होते, "आशा ठेवा." डॉक्टर असं कधी म्हणतात, ते काय आपल्याला ठाऊक नाही? एकदा आत नेल्यावर कुणाला भेटू देणार नव्हते. म्हणजे जे काय भेटायचं ते चारच्या आत.

खरं तर गाडी घेतली होती ती ताईसाठीच. छोटीशी, जेमतेम चौघांची, पण लिटरला चोवीस देणारी! लांबच्या प्रवासाला हिच्यासारखी गाडी शोधून सापडायची नाही, असं साहेब ऑफिसात दिसेल त्याला धरून ऐकवत. "ताई, आता दर महिन्याला येतो बघ. तुला समुद्र दाखवून आणतो," असं त्यांनी फोनवर कबूलही केलं होतं. पण लांबच्या प्रवासाची गाडी गावात फिरवून कशाला झिजवायची? आणि लांब जायचं, तर रस्ता गुळगुळीत नको? खड्ड्यांतून लिटरला चोवीस कशी मिळणार? रस्ता काही गुळगुळीत झाला नाही आणि साहेब काही गेले नाहीत. अशी चार वर्षं गेली. सीटांवरचं प्लास्टिकसुद्धा तसंच होतं.

"हे काय? साडेतीन किलो?"

"गोधडी आहे. ताईंसाठी शिवलीय मी. थंडी वाजते त्यांना."

"अगं, वजन वाढलं की गाडी बावीसवर येते!"

"येऊ दे. गोधडी येणार."

आवाज असा होता, की साहेबांनी माघार घेतली. पण हिशेब म्हणजे हिशेब. साडेतीन किलो चढलं, तर काहीतरी उतरायला हवं. त्यांनी डिकी उघडली. आत स्टेपनी आरामात पडली होती. बारा किलो! चार चाकं राबतात आणि हे पाचवं फुकट बसून प्रवास करतं, हे त्यांना पहिल्यापासून खुपत होतंच. त्यांनी ती गुपचूप उचलून जिन्याखाली नेऊन ठेवली. शिवाय गाडी हलकी पळावी म्हणून आदल्या दिवशीच चारही टायरांत चांगली टणक हवा भरून घेतली होती.

सात वाजता निघाले. दोनशे साठ किलोमीटर जायचं होतं. साहेबांनी वेग चाळीसवर धरला तो धरला. ट्रक पुढे गेले, बस पुढे गेल्या, एक ट्रॅक्टरसुद्धा गेला. खिडक्या बंद, कारण वारा आत शिरला की गाडी अडते. थंड हवेचं यंत्र बंद, कारण ते पेट्रोल पितं. बायको घामाने निथळत होती. साहेब मात्र खुशीत होते.

"पंचवीस देतेय! ऐकलंस का? पंचवीस!"

आणि फाडकन आवाज झाला. ऊन तापलं होतं, हवा टणक होती, खड्डा खोल होता. पुढचा टायर कडेने उभा चिरला.

"चला, स्टेपनी काढा," बायको म्हणाली.

साहेब डिकीपाशी जाऊन नुसते उभे राहिले.

"अहो, काय झालं?"

"ती जिन्याखाली आहे."

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. मग गोधडीकडे बघितलं. मग ती रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसली आणि पदर डोळ्यांना लावला. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं साहेबांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

जवळच्या टायरवाल्याने टायर बघून मान हलवली. "एवढा बारका साइज कोण ठेवतो, साहेब? मागवावा लागेल. परवा या."

तेवढ्यात ताईचा फोन. आवाज अगदी खोल गेलेला. "कुठवर आलास रे, धाकट्या?"

"आलोच, ताई! हे काय, आलोच!" साहेबांनी फोन ठेवला आणि ते तिथेच हमसून रडले. टायरवाल्यालाच दया आली. त्याने फोन करून गाड्या वाहून नेणारा ट्रक बोलावला. तो यायला एक वाजला. गाडी ट्रकच्या पाठीवर चढली आणि नवरा-बायको ट्रकवाल्याशेजारी दाटीवाटीने बसले. गोधडी साहेबांच्या मांडीवर होती. वाटेत ट्रकवाल्याने सहज विचारलं, "देते किती ओ ही?" साहेब गोधडीची घडी सारखी करत राहिले.

चाराला वीस मिनिटं कमी असताना ट्रक ताईच्या फाटकाशी थांबला. ताई तयार होऊन खुर्चीत बसली होती. किती वाळली होती! गाडी ट्रकवरून खाली उतरताना ती टक लावून बघत राहिली.

"अगं बाई! गाडीच बसून आली की रे!"

साहेबांनी तिचे पाय धरले. "चुकलो, ताई. चार वर्षं चुकलो."

"ते राहू दे. मला बसव आधी तिच्यात."

"चाक फाटलंय गं. ती चालायची नाही."

"मी कुठे चालतेय? बसव म्हणते ना!"

साहेबांनी सीटवरचं प्लास्टिक टराटरा फाडलं. ताईला अलगद पुढे बसवलं. बायकोने तिच्या गुडघ्यांवर गोधडी पांघरली आणि ती मागे जाऊन बसली. साहेबांनी सगळ्या खिडक्या खाली केल्या आणि स्टिअरिंग हातात धरलं. वारा आत आला. ताईने डोळे मिटून घेतले.

"कुठवर आलो रे?"

साहेबांनी स्टिअरिंग किंचित वळवलं. "घाट उतरलो, ताई. आता समुद्र लागेल."

"पेट्रोल किती गेलं?"

"थेंबभरही नाही."

"मग जाऊ की अजून थोडं पुढे."

मागे दवाखान्याची गाडी येऊन उभी राहिली आणि तिने हॉर्न दिला. साहेबांनी आरशात पाहिलं, खिडकीतून हात बाहेर काढला आणि भर रस्त्यात मागच्या गाडीला करतात तशी तिला पुढे निघून जायची खूण केली.