लेप माशाचा दुसरा डोळा

"एक डोळा कुठं गेला?" प्रयोगशाळेच्या शिपायानं दारातूनच विचारलं.

शिडीवरच्या रंगाऱ्यानं मान वळवली. "कुणाचा?"

"त्या लेप माशाचा! दोन्ही डोळे एकाच अंगाला होते त्याचे."

"चूक होती ती, सुधारली," रंगारी खुशीत म्हणाला. "दुसरा डोळा पलीकडच्या अंगाला. इथून दिसणार कसा?"

शिपायानं कपाळाला हात लावला. भिंतभर पसरलेला तो समुद्र जीवशास्त्राच्या बाईंनी तीस वर्षांपूर्वी, सुट्टीतले पंधरा दिवस खपून रंगवला होता. रंग कालवून द्यायला तेव्हा हा शिपाईच होता. निळा जास्त झाला की बाई म्हणायच्या, "अरे, समुद्र काढतोय आपण, शाईची दौत नाही!" आता ओलीनं भिंतीला पोपडे धरले, म्हणून त्यानंच मुख्याध्यापकांच्या मागे लागून रंगारी आणवला होता. निवृत्त बाई कायमच्या लेकीकडे राहायला निघाल्या होत्या आणि वाटेत चित्र बघायला आज, आत्ता येणार होत्या.

"आहे तसं गिरव म्हटलं होतं ना तुला? आणि खेकड्याची मोठी नांगी?"

"छाटली. दोन्ही सारख्या केल्या. तारामाशाला मात्र एक हात वाढवला. इकडं तीन, तिकडं तीन. प्राण्याच्या मधोमध रेघ मारली की दोन्ही अर्धे सारखे यायला पाहिजेत. शाळेत शिकलोय मी!"

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. दोघांनी धावपळ करून बरण्यांचं कपाट भिंतीपुढं ढकललं. खेकडा आणि तारा झाकले गेले. लेप मात्र कपाटाआडून एका डोळ्यानं बघतच राहिला. शिपाई त्याला पाठ लावून उभा राहिला.

बाई काठी टेकत आत आल्या. "कपाट इथं कधीपासून?"

"भिंतीला ओल आली होती, बाई."

"म्हणून ओलीला कपाट लावलंस? सरकव ते. आणि तूही सरक."

कपाट सरकलं. बाईंनी चष्मा पुसला आणि बराच वेळ बघत राहिल्या. शिपाई पुढं झाला. "बाई, चूक माझीच. मी इथं थांबायला हवं होतं."

बाईंनी शिडीकडे पाहिलं. "मधोमध रेघ मारलीस ना?"

"तुम्हीच शिकवलंत, बाई," रंगारी खाली उतरत पुटपुटला. "आठवीत. शेवटच्या बाकावर होतो."

"शिकवलं, सोमवारी. समुद्रात सगळेच ही रेघ पाळत नाहीत, हे मंगळवारी सांगितलं. मंगळवारी कुठं होतास?"

"ताप आला होता."

"तुला दर मंगळवारी ताप यायचा."

शिपाई फिस्सकन हसला. बाई स्टुलावर बसल्या आणि त्यांचा आवाज एकदम वर्गातला झाला. "लेप जन्मतो तेव्हा त्याचे डोळे दोन्हीकडेच असतात. वाढताना एक डोळा सरकत सरकत दुसऱ्याशेजारी येतो. म्हणजे तू याचं बालपण काढलंस. ताऱ्याला डावं-उजवं नसतंच, तो मधून चहूकडे सारखा फुटतो. याला पाचच हात, सहावा पूस. आणि या जातीत मोठी नांगी फक्त नराला. तू खेकड्याची बायको केलीस!"

रंगाऱ्यानं ओशाळून ब्रश उचलला. "नांगी पुन्हा मोठी करतो, बाई."

"नको. ती राहू दे. नर शेजारी काढ. तीस वर्षं एकटाच होता बिचारा."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. लेकीची घाई सुरू झाली होती. बाईंनी पदर खोचला आणि शिपायाला म्हणाल्या, "तिला सांग, तास संपला नाही अजून."