पोरगी कोणावर गेली

बाळंतपणाला चार महिने झाले आणि सूनबाईचे केस गळायला लागले. गळायला म्हणजे कसे, तर उशीवर केस, दुपट्यावर केस, आमटीत केस. (आमटीतला नेमका सासूबाईंच्या घासात निघाला, खरं प्रकरण तिथून सुरू झालं.)

"आमच्या वेळी नाही बाई कुणाचे असे गळले," सासूबाई म्हणाल्या.

झालं! दुसऱ्याच दिवशी सूनबाई गुपचूप औषधाच्या दुकानात.

"ताई, हे मूळचं ब्लडप्रेशरचं औषध बरं का," दुकानदार बाटली देत म्हणाला. "गोळ्या खाणाऱ्यांच्या अंगावर केस यायला लागले, म्हणून डोक्याला लावायला काढलं. आतला कागद नीट वाचा."

त्यातलं 'केस यायला लागले' एवढंच तिनं ऐकलं. कागद डगमगत्या टेबलाच्या पायाखाली गेला आणि बाटली तांदळाच्या डब्यामागे.

रोज सकाळी ती भांगात औषध चोळायची आणि तशीच पाळण्यापाशी जायची. कारण मायलेकींचा एक खेळ होता, ढुशीचा. आईनं पिटुकलीच्या उघड्या पोटावर डोकं घुसळायचं आणि पिटुकलीनं खिदळून घर डोक्यावर घ्यायचं. पोट झालं की पाठ.

दीड महिन्यानं अंघोळ घालताना सूनबाई किंचाळली. पिटुकलीच्या पोटावर काळी लव! पाठीवर तर भांग पाडता येईल एवढी!

नवरा बनियनवरच धावत आला. त्याच्या खांद्यांवर आणि दंडांवर घोंगडी पांघरल्यासारखे केस. (डोक्यावर मात्र मोकळं मैदान.) सूनबाईनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे.

"अहो, ही तुमच्यावर गेली!"

"अगं, पण मला हे विसाव्या वर्षी आलं. हिला सहाव्या महिन्यात?"

"माझ्या माहेरी सगळे गुळगुळीत आहेत," सासूबाईंनी घाईघाईनं सांगून टाकलं. "हे ह्याच्या वडिलांकडचं."

त्या दिवसापासून सूनबाईचं तोंड थांबेना आणि बिचारा नवरा घरातसुद्धा लांब बाह्यांचा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावून जेवायला बसू लागला. आठवड्यानं पिटुकलीच्या कपाळावरही लव दिसली, तेव्हा मात्र सूनबाईचं भांडण आटलं आणि रडू सुरू झालं. हा काही मोठा आजार तर नसेल?

सगळे दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी पिटुकलीला उलटं-सुलटं पाहिलं.

"घरात कुणी केस उगवायचं औषध लावतं का?"

सगळ्यांनी नवऱ्याच्या डोक्याकडे पाहिलं.

"मी? डॉक्टर, हे बघून तुम्हाला काही लावल्यासारखं वाटतंय?"

सूनबाईचा हात आपल्या भांगाकडे गेला. "मी... मी लावते. भांगात. आणि मग आमची ढुशी..."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. "अहो, ते बाळाच्या कातडीतून आत जातं! ब्लडप्रेशर उतरू शकतं, हृदयावर ताण येऊ शकतो."

पिटुकलीच्या इवल्या दंडावर पट्टा फुगून उतरेपर्यंत आणि छाती तपासून होईपर्यंत सूनबाईनं श्वास घेतला नाही. नवऱ्यानं तिचा हात धरून ठेवला.

"ब्लडप्रेशर ठीक आहे. हृदयही छान चाललंय. औषध आजपासून बंद. ही लव काही महिन्यांत आपोआप जाईल."

सूनबाई ढसाढसा रडली. मग डोळे पुसून हळूच म्हणाली, "आणि माझे केस?"

"बाळंतपणानंतर गळलेले केस बहुतेक आपोआपच परत येतात. तुम्हाला औषध लावायला सांगितलं कुणी?"

इथे नवऱ्यानं शर्टाची गळ्याची बटणं सोडली, मग दोन्ही बाह्या सावकाश कोपराच्या वर दुमडल्या. सूनबाई त्याच्याकडे डोळे वटारणार, इतक्यात डॉक्टरीणबाईंनी दिवा तिच्या तोंडाजवळ आणला.

"आणि तुमच्या ओठावर हे कधीपासून?"

सूनबाई बेसिनवरच्या आरशाकडे धावली. मिशी होती. बारीक, पण ठाम.

सासूबाईंनी चष्मा पुसला, सुनेकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं आणि लेकाच्या पाठीवर थोपटलं.

"उगीच ऐकून घेत होतास रे इतके दिवस. पोरगी आईवर गेलीय."