दुसरा माइक

इनास अंकलसमोर टाळी वाजवायची असेल तर आधी त्यांची परवानगी घ्यावी. मी अनुभवानं सांगतो. एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या सोसायटीच्या गणपतीला मी त्यांना एकदा आरतीला बोलावलं. म्हातारा पांढऱ्या शर्टावर काळा बो लावून आला, भक्तिभावानं हात जोडून उभा राहिला आणि पहिल्याच आरतीला त्यानं माझा दंड धरला. "जगताप, सगळे एकच्या मात्रेवर वाजवतायत. टाळी दोनवर आणि चारवर."

मी साताऱ्याकडचा, भजनात वाढलेला. समेवर ज्याची मान हलत नाही तो माणूस आमच्याकडे एक तर बहिरा असतो नाहीतर झोपलेला. मी म्हटलं, अंकल, ही आरती आहे. त्यावर देवालाही जरा झोका आवडतो, असं सांगून त्यांनी आपल्या हिशेबानं टाळ्या सुरू केल्या. त्यांच्या टाळीत असा काही जोर होता की तिसऱ्या आरतीपर्यंत अर्धा मांडव त्यांच्या बाजूला गेला आणि अर्धा माझ्या. तबक ओवाळणारे आमचे चेअरमन मधल्यामध्ये गोंधळले आणि उलटं ओवाळायला लागले.

अंकलची आणि माझी ओळख केळ्यांमुळे झाली. रिटायर झाल्यावर मी स्कूटरवरून जवळच्या निर्मळ गावाला जाऊन वाडीतलीच केळी आणायची सवय लावून घेतली. वेळ जावा हा हेतू, केळी हे निमित्त. तिथं एका वाडीत हा माणूस भेटला. जॅझ गिटारिस्ट म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे काही येतं ते पुसून टाका. गुडघ्यापर्यंतची चड्डी, भोकं पडलेला बनियन, डोक्याला टॉवेल. उजव्या हाताची नखं वाढवलेली, आणि ती तुटू नयेत म्हणून वाडीतलं सगळं काम डाव्या हातानं. घड कापायचा डाव्या हातानं, कोयता धरायचा डाव्या हातानं, शेकहँडसुद्धा डावाच. मला पहिल्या भेटीत वाटलं, उजव्या हाताला काही लागलं असेल. मी विचारपूस केली तेव्हा म्हणाले, "नाही, तो कामावर आहे."

घरात तीन मांजरं होती. एकाचं नाव मेजर, दुसऱ्याचं मायनर. तिसरं कधी घरात, कधी कौलावर, कुणाचंच नसलेलं. त्याचं नाव सस्पेंडेड. गिटारवर एक स्वरमेळ असतो, जो पुरा होत नाही, लटकत राहतो, त्यावरून ठेवलेलं. मांजराला हाक मारताना ते नाव पुरं म्हणेपर्यंत मांजर पसार व्हायचं.

अंकलचं आवडतं वाक्य एकच. "जागा सोडा." केळीची रोपं लावताना जागा सोडा, स्कूटर लावताना जागा सोडा. मी बोलायला लागलो की थांबत नाही, ही माझ्या घरातलीही जुनी तक्रार. अंकल पाच मिनिटं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "जगताप, जागा सोडा. सगळं तुम्हीच भरून टाकलं तर दुसऱ्यानं यायचं कुठून?" त्यांच्या मते जॅझ म्हणजे एवढंच. एकानं वाजवायचं, मग मागे सरून दुसऱ्याला जागा करून द्यायची, आणि तो येईपर्यंत खालून आधार देत राहायचं.

हा आधार देण्यात अंकलचं आयुष्य गेलं. पोरवयात लग्नाच्या बँडमध्ये, मग मुंबईच्या रेस्टॉरंटांत, मोठ्या हॉटेलांत, काही वर्षं जहाजावर, मधूनमधून सिनेमाच्या गाण्यांत. सगळीकडे मागच्या खुर्चीवर. रेडिओवर एखादं जुनं गाणं लागलं की ते बोट वर करायचे. "ऐका. आता मी." गाणारीनं श्वास घेतला की मागे गिटार दोनदा खणखणायची, आणि अंकल बोट खाली घ्यायचे. संपलं. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र त्या वेळी, आपण अख्खा सिनेमा उचलून धरल्याचं समाधान असायचं.

स्वतःचं वाजवणं कुणी रेकॉर्ड करावं असं त्यांना कधी वाटलं नाही. वाजवलं, गेलं. केळं पिकलं की खावं, त्याचा फोटो काढून भिंतीला लावत नाहीत, असं म्हणायचे. म्हणूनच त्यांचा पुतण्या ऑल्विन वाडीत येऊन म्हणाला, काका, तुमचा पहिल्यापासून आतापर्यंतचा सगळा प्रवास एका कार्यक्रमात घेऊ, मी व्हिडिओ करतो, तेव्हा म्हातारा त्याला पिटाळून लावणार याची मला खात्री होती. ऑल्विन आमच्या भागातला लग्नाचा नावाजलेला व्हिडिओवाला. नवरानवरीला कमळातून बाहेर काढावं ते त्यानंच. अंकल पाटाच्या पाण्याकडे बघत म्हणाले, करू. फक्त स्टेजवर दोन माइक हवेत आणि रेजिनाची खुर्ची पहिल्या रांगेत, मधोमध.

रेजिना आंटी म्हणजे त्यांची बायको. गोरी, ठेंगणी, कमी बोलणारी. वाडीतला मोगरा आणि चाफा तिच्याकडे. मी गेलो की चहा ठेवायची आणि पुन्हा कळ्या निवडायला बसायची. गिटारबद्दल ती बरंवाईट काही बोललेली मी कधी ऐकलं नव्हतं. अंकल खोलीत वाजवायला बसले की ती उठून मागच्या पडवीत जायची. मी समजत होतो, आयुष्यभर ऐकून बाईचे कान किटले असतील.

ऑल्विन गेल्यावर अंकलनी मला बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, कडेला बसवलं आणि दुसऱ्या माइकचं कारण सांगितलं. लग्नाआधी रेजिना त्यांच्याच बँडमध्ये गायची. चर्चगेटकडच्या एका रेस्टॉरंटात. ती गायला उभी राहिली की वेटर ट्रे घेऊन जागच्या जागी थांबायचे. मग लग्न झालं. सून घरात आल्यावर अंकलच्या आईनं जेवताना एवढंच म्हटलं की आपल्या घरची बाई हॉटेलात गाणार नाही, चर्चमध्ये गाईल. रेजिनानं नवऱ्याकडे बघितलं. नवरा ताटाकडे बघत होता.

"मी एक शब्द बोललो नाही, जगताप. मला वाटलं ती बोलेल." ती बोलली नाही आणि गायलीही नाही. चर्चमध्येसुद्धा नाही. मिस्साच्या प्रार्थनेला सगळे गात असताना ती नुसते ओठ हलवते, हे शेजारी उभं राहून त्यांनी वर्षानुवर्षं बघितलेलं होतं. "माझं वाजवणं चार-चार सेकंद का होईना, कुठं कुठं आहे. तिचा आवाज कुठंच नाही. आम्ही गेलो की तो नव्हताच म्हणायचा."

तेव्हा मतलब असा होता. कार्यक्रम त्यांचा, पण व्हिडिओ आंटीसाठी. तिचं एक गाणं त्यात यावं. मी साधा प्रश्न विचारला की आंटीला हे सांगितलंय का. अंकलनी माझ्याकडे, मी कपबशी फोडल्यासारखं बघितलं. जॅझमध्ये सांगत नाहीत म्हणाले. आपण जागा करून द्यायची, ज्याचं त्यानं यायचं. तिला कळतं सगळं. आणि मीही काही बोलायचं नाही, असा दम भरला. मला ते पटलं नव्हतं. पण एकेकाळी ज्यांनी एकत्र वाजवलं-गायलं त्यांच्यात आपण भजनवाल्यानं काय बोलावं, म्हणून गप्प बसलो.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी गावातल्या शाळेच्या हॉलमध्ये झाला. हॉल भरला होता. अर्धे लोक गाण्यासाठी आले होते आणि अर्धे ऑल्विनच्या कॅमेऱ्यात यायला. अंकल काळ्या सूटमध्ये, बो लावून. सोबतीला ड्रमवाला आणि बासवाला, दोघंही सत्तरीचे. शेजारी रिकामा माइक. साउंडवाला तो दोनदा काढायला आला आणि अंकलनी दोनदा त्याला हातानंच परत पाठवलं.

आणि मग म्हाताऱ्यानं आयुष्य उलगडलं. लग्नाच्या बँडमधली धून, जिच्यावर हॉलमधल्या म्हाताऱ्या बायका खुर्चीत बसल्या बसल्या नाचल्या. मग हॉटेलातली, मग जहाजावरची. प्रत्येक धुनेआधी दोन वाक्यं बोलायचे आणि वाजवायचे. मला जॅझमधलं ओ की ठो कळत नाही, पण त्या दिवशी मला रडू आलं हे मी कबूल करतो. हा माणूस सबंध जन्म मागच्या खुर्चीवर का बसला, असं वाटून जीव हळहळला.

शेवटच्या गाण्याआधी ते काही बोलले नाहीत. एक संथ धून सुरू केली, सुरुवातीचा तुकडा वाजवला आणि मग सुरावट सोडून नुसता खालचा आधार धरला. दुसऱ्या माइकपासून एक पाऊल मागे सरले आणि पहिल्या रांगेत बघितलं.

आंटी मांडीवरच्या पर्सकडे बघत होती. निळी साडी नेसलेली, केसात चाफा. पर्सची चेन तिनं उघडली, लावली.

अंकलनी पुन्हा सुरुवातीचा तुकडा वाजवला, पुन्हा जागा सोडली. ड्रमवाल्यानं बासवाल्याकडे बघितलं. तिसऱ्यांदा तेच. लोक चुळबुळायला लागले. अंकल पुढचं विसरले असं वाटून मागून कुणीतरी भल्या मनानं टाळ्या वाजवून त्यांना धीर द्यायला लागलं, आणि सगळा हॉल त्यात सामील झाला. चौथ्यांदा अंकलनी तिच्याकडे बघितलं नाही. सुरावटही स्वतःच वाजवली आणि गाणं संपवलं.

पुढच्या महिन्यात व्हिडिओ तयार झाला. आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो. ऑल्विननं आपली सगळी कला पणाला लावली होती. अंकल गुलाबाच्या फुलातून उगवत होते, जहाजाच्या धुनेला मागे लाटा होत्या. शेवटचं गाणं आलं. सुरुवातीचा तुकडा झाला आणि लगेच पुढे अंकलचा हात भलतीकडेच, गाणं शेवटाला. मधलं सगळं कापलेलं. लग्नात फादर चष्मा शोधत असतात तेवढा भाग जसा कापतात तसा, काही घडत नाही म्हणून. काकांची चूक लोकांना दिसू नये हाही त्याचा चांगला हेतू. मी त्याला फोन लावला. मूळ शूटिंग पुसून त्याच कार्डावर त्यानं दोन लग्नं केली होती.

अंकल एवढंच म्हणाले, बरं केलं. चुकलेलं काढायचंच असतं. आणि वाडीत पाणी सोडायला निघून गेले.

मी बसून राहिलो. आंटी टीव्ही बंद करून मोगऱ्याच्या कळ्यांची पाटी घेऊन बसली होती. मला राहवलं नाही. मी म्हटलं, आंटी, तो माइक तुमच्यासाठी होता.

"माहीत आहे," आंटी म्हणाली. "ऑल्विन बोलून गेला ना, काकांना दोन माइक हवेत म्हणून. दुसरा कुणासाठी असणार?"

मग? मी विचारलं. कधी नव्हे ती आंटी सलग बोलली. म्हणाली, कार्यक्रमाच्या आधी आठवडाभर मी दही खाल्लं नाही. ताक नाही, आंबट नाही. सकाळी मीठपाण्याच्या गुळण्या केल्या. तो वाडीत गेला की मागच्या पडवीत गळा लावून बघितला. येत होतं. घरातून निघताना तो बो बांधत होता तेव्हा मी मुद्दाम आरशाशी उभी राहिले. म्हटलं, आता विचारेल.

"त्यानं विचारलं नाही. तेव्हा आईसमोर विचारलं नाही, आता सगळ्या गावासमोर नुसता बघत राहिला. जागा सोडली म्हणे. माझ्यासाठी कुणी बोलायला नको का, भाऊ?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी उठलो आणि वाडीत गेलो. अंकल पाटाशी उभे होते. मी जागाबिगा न सोडता सगळं सांगून टाकलं. दह्याचं, गुळण्यांचं, आरशाचं. पाणी एका आळ्यातून ओसंडून दुसरीकडे जायला लागलं तरी त्यांनी ते वळवलं नाही. मग तसेच चिखलाच्या पायांनी घरात गेले आणि तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. त्यांच्या घरच्या बोलीत त्यांनी काहीतरी म्हटलं. ती बोली मला फारशी येत नाही, पण एवढं कळलं. गाशील का, असं त्यांनी विचारलं होतं.

आंटीनं पाटी बाजूला ठेवली नाही. कळ्या निवडता निवडताच ती गायला लागली. तीच संथ धून. आवाज पातळ झालेला, कडेला जरा चिरलेला, पण खाली असा उबदार की ते वेटर का थांबत असतील हे मला समजलं. अंकल जमिनीवर बसले. दोन ओळी झाल्या. तिसऱ्या ओळीला गाणं वर जात होतं, तिथं आवाज फाटला. तिनं एकदा पुन्हा करून बघितलं. पुन्हा तिथंच.

"त्या दिवशी येत होतं," ती म्हणाली.

अंकलनी डाव्या हातानं एक कळी उचलली, तिच्या पाटीत टाकली. "आपण खालच्या पट्टीत घेऊ, रेजी. मी घेतो खाली."

आंटीनं त्यांच्या चिखलानं माखलेल्या पायांकडे बघितलं. मग म्हणाली, "आधी पाय धुवून ये."